साडेतीनशे रुपये आणि लाल बिल्ला

२०२३ च्या एप्रिलमधली दुपार. कांद्याच्या अनुदानाच्या रांगेत नाना, म्हणजे माझे वडील, उभे होते आणि मी त्यांच्याबरोबर. त्यांच्या हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा, आधार, पासबुकाची झेरॉक्स आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये विकलेल्या लाल कांद्याच्या हिशोबपट्ट्या होत्या. सगळ्यात चांगली पट्टी क्विंटलला ६४० रुपयांची, सगळ्यात वाईट ३१० ची. त्याच फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला आणि हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाता त्याच्या हातावर दोन रुपयांचा चेक पडला. त्या चेकचा फोटो देशभर फिरला. मग राज्य सरकारने अनुदान जाहीर केलं, क्विंटलला ३५० रुपये, एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत.

आमचं प्रकरण अडलं सातबाऱ्यावर. ज्या दीड एकरात कांदा होता ते शेत आईच्या नावावर, आणि पट्ट्या नानांच्या नावाच्या. खिडकीतला माणूस म्हणाला, शपथपत्र लागेल. तो उद्धट बोलला नाही, हे मुद्दाम सांगते. रांगेतल्या बाकीच्यांचं काही ना काही असंच राहिलं होतं. कुणाच्या सातबाऱ्यावर कांद्याची नोंदच नव्हती, कारण ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून होणारी पिकाची नोंद, झाली नव्हती. कुणाची पट्टी मुलाच्या नावाची. सदुसष्ट वर्षांचे नाना दोन वेळा परत आले आणि तिसऱ्या खेपेला कागद घेतले गेले.

परतताना गाडीत ते एवढंच बोलले, "आपण मागायला गेलो, बाई."

आमच्या घरी कपाटातल्या एका डबीत लाल रंगाचा गोल बिल्ला आहे. शेतकरी संघटनेचा. १९८० च्या नोव्हेंबरात नाना चोवीस वर्षांचे होते. उसाला टनाला तीनशे रुपये आणि कांद्याला रास्त भाव मिळावा म्हणून नाशिक जिल्ह्यात रस्ते आणि रेल्वे रोखल्या गेल्या, तेव्हा ते रुळावर बसले होते. खेरवाडीला पोलिसांच्या गोळीबारात दोन शेतकरी गेले. नाना बारा दिवस तुरुंगात राहून आले. त्या आंदोलनाची घोषणा होती, 'भीक नको, हवे घामाचे दाम'. ती घोषणा ज्याने रक्तात मुरवून घेतली, त्या माणसाला साठी ओलांडल्यावर साडेतीनशे रुपयांसाठी शपथपत्र करावं लागलं. त्या रात्री ते जेवले नाहीत. तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे.

मी खुल्या बाजाराच्या बाजूची आहे. नाशिकमध्ये मी लहान धंद्यांचे हिशेब आणि जीएसटीची विवरणपत्रं बघते, आणि महिन्यातून दोनदा चांदवड तालुक्यातल्या आमच्या गावी जाते. शहरातल्या मैत्रिणींना मी हे सांगितलं की त्या चमकतात. शेतकऱ्याची मुलगी आणि भांडवलशाहीची बाजू घेते? त्यांच्या डोळ्यांसमोर भांडवलशाही म्हटलं की उंच इमारत, काचेची गाडी आणि कुणाचं तरी पिळवणूक करणारं पोट येतं. माझ्या डोळ्यांसमोर दुसरंच येतं. आमच्या गावात 'भांडवल' हा शिवीतला शब्द नाही. "औंदा भांडवल नाही, पडीक ठेवलं" असं माणूस खाली मान घालून सांगतो. "शेळ्या विकून भांडवल उभं केलं" असं बाई मान वर करून सांगते. आठवडे बाजारात पालेभाजीची पाटी घेऊन बसणारी म्हातारी सकाळी जे तीनशे रुपये गुंतवते ते तिचं भांडवल, आणि संध्याकाळी ते वाढून परत यावं म्हणून ती दिवसभर उन्हात बसते. ते पैसे तिचे, ती पाटी तिची, जुडीचा भाव तिने सांगायचा आणि गिऱ्हाईकाने घ्यायचं किंवा पुढे जायचं. जबरदस्ती कुणाचीच कुणावर नाही. मी ज्याची बाजू घेते ते हे आहे. ते गावच्या बाजारात चांगलं असेल तर देशाच्या बाजारात का वाईट ठरावं, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

नानांना हे सगळं शब्दांत सांगणारा माणूस म्हणजे शेतकरी संघटना उभी करणारा शरद जोशी. स्वित्झर्लंडमध्ये, बर्न इथे, संयुक्त राष्ट्रांच्या टपाल संघटनेत नोकरी करणारा हा अधिकारी १९७७ साली परत आला आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन कसायला लागला. शेतीचा हिशेब त्याने वहीत मांडला आणि तो जुळेना. मेहनत कमी पडते म्हणून जुळत नाही, की मुद्दाम जुळू दिला जात नाही? पुढची पस्तीस वर्षं त्यांनी याच प्रश्नाचा पाठलाग केला. नाना सांगतात, आधीचे पुढारी सभेत येऊन म्हणायचे, व्यसनं सोडा, लग्नाचा खर्च कमी करा, नवं बियाणं घ्या. हा पहिला माणूस ज्याने सांगितलं की तुमचं काही चुकलेलं नाही, तुमचा माल स्वस्तात मिळावा असा कायदाच केलेला आहे.

आणि तो कायदा खराच होता, आहे. १९५५ चा जीवनावश्यक वस्तू कायदा. कुणी किती साठा करायचा, कुठे हलवायचा, कोणत्या भावाने विकायचा, हे सरकार ठरवू शकतं. जे पिकवतो त्याच्या मालावर हा अधिकार, जो त्याला खत, डिझेल आणि औषध विकतो त्याच्याबाबत तेवढी तत्परता नाही. शरद जोशी ज्याला उणे सबसिडी म्हणायचे ते कित्येकांना अतिशयोक्ती वाटायचं. २०१८ मध्ये ओईसीडी ही प्रामुख्याने श्रीमंत देशांची आर्थिक संघटना आणि दिल्लीतली इक्रिअर ही संशोधन संस्था, यांनी मिळून अभ्यास केला. निर्यातबंद्या, साठ्याच्या मर्यादा यांनी भाव दाबल्यामुळे शेतकऱ्याचं होणारं नुकसान एका बाजूला आणि खत-वीज-पाण्याची सगळी सवलत दुसऱ्या बाजूला धरून, २००० ते २०१६ या काळात भारतीय शेतकऱ्याला मिळालेला आधार त्याच्या शेतीच्या एकूण मिळकतीच्या सरासरी उणे १४ टक्क्यांच्या आसपास निघाला. म्हणजे सगळी अनुदानं मोजूनही त्याच्याकडून काढून घेतलंच जात होतं.

आईच्या माहेरची गोष्ट याहून जुनी आहे. तिचं माहेर खानदेशात, मध्य प्रदेशच्या हद्दीला लागून. १९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. कापूस विकायचा तो फक्त सरकारी केंद्रावर, दुसऱ्या कुणालाही नाही. पैसे हप्त्यांनी, कधी येतील ते कुणी सांगत नसे. आणि हद्दीपलीकडे, वीस-बावीस किलोमीटरवर, बऱ्हाणपूरकडे, ज्या वर्षी भाव जास्त असेल त्या वर्षी रोख पैसे मिळायचे. हद्दीवर नाकी बसवलेली. आईचे वडील, आमचे आप्पा, रात्री बैलगाडीत कापूस भरून आडवाटेने निघायचे. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांत चिंध्या कोंबलेल्या असायच्या, आवाज होऊ नये म्हणून. आई सात-आठ वर्षांची असताना एकदा गाडी पकडली गेली. आप्पांना सकाळपर्यंत नाक्यावर बसवून ठेवलं आणि कापूस जप्त. त्यांनी स्वतः पेरलेला, स्वतः निंदलेला, आजीने बोटं सोलवटून वेचलेला कापूस, आणि कागदावर त्यांचा गुन्हा काय, तर कापसाची चोरटी वाहतूक.

मला कुणी विचारलं की खुल्या बाजारात नैतिक काय आहे, तर मी आधी हे सांगते. स्वतःच्या घामाचा माल विकताना माणसाला घुंगरांत चिंध्या कोंबायला लावणारी व्यवस्था अनैतिक होती. ती गरिबांच्या नावाने उभी केली होती, हेतूही कदाचित चांगला असेल. २००२ च्या सुमाराला ती मोडली, खासगी व्यापाऱ्यांना कापूस घेता यायला लागला, आणि त्या चोरवाटेला आता कुणी जात नाही.

आता कांद्याकडे येते, कारण त्यात मला प्रत्येक महिना आठवतो.

१९ ऑगस्ट २०२३ ला कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं. ज्या उन्हाळ कांद्याला चार महिने साठवणीच्या चाळीत सांभाळलं होतं, तो बाहेर काढायची वेळ झाली आणि शुल्क आलं. अनुदानाच्या त्या साडेतीनशे रुपयांचा पहिला हप्ता यायला सप्टेंबर उजाडला. ऑगस्टमध्ये एका हाताने घेतलं आणि सप्टेंबरमध्ये दुसऱ्या हाताने थोडं दिलं. २८ ऑक्टोबरला टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य ठरलं. आणि ७ डिसेंबरच्या रात्री निर्यात बंदच. दुसऱ्या दिवशी लिलाव थांबले, चांदवडला मुंबई-आग्रा महामार्गावर लोक बसले. माझा धाकटा भाऊ बापू सकाळी फोनवर म्हणाला, "ताई, ट्रॉली भरून उभी आहे, काय करू?" ६ तारखेला त्याने लाल कांदा क्विंटलला ३,४०० ने दिला होता. १९ तारखेला त्याच शेतातला, त्याच दिवशी काढलेला कांदा १,६५० ने गेला. लाल कांदा चाळीत टिकत नाही. काढला की पंधरा-वीस दिवसांत विकावाच लागतो. हे दिल्लीत निर्णय घेणाऱ्यांना माहीत असतं की नसतं, मला कळत नाही. दोन्हींतलं कुठलंही उत्तर वाईटच.

भाव म्हणजे सांगावा असतो. ऑगस्टमध्ये कांदा चढायला लागला की तो सांगावा एकाच वेळी सगळ्यांना पोचतो. चाळवाल्याला कळतं की माल काढायला हरकत नाही. नाशिकच्या गृहिणीला कळतं की या महिन्यात भजी कमी. राजस्थानातल्या अलवरच्या शेतकऱ्याला कळतं की यंदा लागवड वाढवावी. व्यापाऱ्याला कळतं की जिथे स्वस्त आहे तिथून जिथे महाग आहे तिथे गाडी लावावी. या लाखो माणसांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही, आणि त्यांना कामाला लावायला कुणी अधिकारी लागत नाही. एवढं मोठं काम तो एक आकडा करतो. हुकूम काढून तो आकडा खाली ओढला तर टंचाई संपत नाही, फक्त सांगावा मरतो.

डिसेंबर म्हणजे उन्हाळ कांद्याच्या लागवडीचे दिवस. रोपं वाफ्यात तयार होती. बंदीनंतर आमच्या शिवारात कितीतरी जणांनी ती रोपं मोडली आणि तिथे मका नाहीतर हरभरा केला. त्या साली पाऊसही कमी होता, हे खरं आहे. पण पाणी असलेल्यांनीही हात आखडता घेतला, ते मी पाहिलं. मग २०२४ च्या दिवाळीनंतर शहरांत कांदा सत्तर-ऐंशी रुपये किलो झाला आणि पुन्हा ओरड सुरू झाली. लोक विचारत होते, शेतकरी साठेबाजी करतोय का? कुणाच्या चाळीत काही उरलंच नव्हतं, कारण अकरा महिन्यांपूर्वी लावलंच नव्हतं.

बाहेरचं गिऱ्हाईकही असंच तुटतं. २०१९ च्या सप्टेंबरअखेर अचानक बंदी आली, आणि काही दिवसांतच बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या. जाहीर कार्यक्रमात त्या म्हणाल्या की आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं, मी तर स्वयंपाक्याला कांदा घालू नकोस म्हणून सांगितलंय. सभागृहात हशा झाला. मला अजूनही त्यावर हसता येत नाही. दुकानदाराने दर वर्षी सणाच्या तोंडावर शटर ओढलं तर गिऱ्हाईक दुसरं दुकान बघतंच. त्यांनी बघितलं. पाकिस्तान, चीन, इजिप्त, आणि स्वतःच्या देशातली लागवड.

शहरातल्या गरिबांचं काय, हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो आणि तो रास्त आहे. आमच्याकडे धुणीभांडी करायला येणाऱ्या मावशी आठवड्याला दोन किलो कांदा घेतात. ऐंशीचा भाव त्यांना झोंबतो, हे मी समोर बघते. त्यांना मदत व्हायला हवी. पण ती मदत सगळ्यांच्या करातून, त्यांच्या खात्यात रोख जावी. माझ्या पगारातून जावी, ज्यांच्या इमारतीत त्या काम करतात त्यांच्या खिशातून जावी. मावशींच्या ताटातल्या कांद्याचं बिल एकट्या चांदवड-निफाड-येवल्याच्या शेतकऱ्याने का भरायचं? आणि भाव पाडला की स्वस्त कांदा मावशींना मिळतो तसा मोठ्या हॉटेलालाही मिळतो, माझ्यासारखीलाही मिळतो. मी नानांच्या खिशातून सवलत घेऊन भेळेवर कांदा भुरभुरते. हे लाजिरवाणं आहे.

नियम मात्र दोन्ही बाजूंना सारखा हवा. बाहेरचा कांदा यायचा असेल तर येऊ दे, मी आडवी जाणार नाही. २०१९ च्या शेवटी सरकारने तुर्कस्तान-इजिप्तचा कांदा आणला होता, राज्यांनी त्यातला बराचसा उचललाच नाही. लोकांना आपलाच कांदा हवा असतो. तो विकायची मोकळीक असली की पुरे.

"मग व्यापारी लुटतात त्याचं काय?" हे बापू विचारतो, आणि त्याला विचारण्याचा हक्क आहे. २०१७ मध्ये एका व्यापाऱ्याने आमचा ४३ क्विंटल कांदा घेतला आणि चेक दिला. तो दोनदा परत आला. तीन वर्षं फेऱ्या मारून साठ टक्के पैसे मिळाले, बाकीचे गेले. खळ्यावर माल खाली करताना "यात गोल्टी (बारीक कांदा) जास्त आहे" म्हणून लिलावात ठरलेला भाव ऐन वेळी पाडणं, हेही आम्ही सोसलंय. व्यापारी संत असतो असं मी कधीच म्हणणार नाही. पण त्या माणसाची हिंमत कशातून येत होती? लिलावात बोली लावणारे मोजकेच. नव्याला परवाना मिळाला तरी गाळा मिळत नाही, गाळा नाही तर माल ठेवणार कुठे. दोघं-तिघं एकमेकांकडे बघून बोली थांबवतात आणि शेतकऱ्याला ट्रॉली परत न्यायचं डिझेल परवडत नाही. ज्याला दुसरीकडे जाता येत नाही त्याला कुणीही लुटू शकतं. वाईट व्यापाऱ्यावरचा इलाज म्हणजे समोर उभा असलेला दुसरा व्यापारी, आणि बुडवलेला पैसा तीन महिन्यांत वसूल करून देणारं न्यायालय. सरकारने ही दोन कामं करावीत. नेमकी हीच दोन होत नाहीत, आणि भाव ठरवायचं काम, जे त्याचं नाही, ते मात्र रातोरात होतं.

२०१६ च्या जुलैमध्ये राज्यात फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून बाहेर आला आणि आडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं. त्यानंतर आमच्याकडे शिवार खरेदी वाढली. आता थेट बांधावर गाडी लावणारे तिघे-चौघे आहेत. सगळाच माल तिकडे जातो असं नाही, पण त्यांचा भाव कळला की लिलावातही मान थोडी ताठ राहते.

आत्या दिंडोरीला दिली आहे. तिच्या घरी द्राक्षं. एकच जिल्हा, तीच माती, तेच धरणांचं पाणी. द्राक्ष खाल्लं नाही म्हणून दिल्लीत सरकार पडत नाही, त्यामुळे द्राक्षाच्या वाटेला कुणी गेलं नाही. २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांत वाढ रोखणाऱ्या औषधाचा, क्लोरमेक्वाटचा, अंश सापडला आणि कंटेनरच्या कंटेनर अडकले. आत्याच्या घरावर कर्ज झालं. तो फटका फार मोठा होता. पण तो गिऱ्हाईकाने दिलेला फटका होता, आणि त्यातून काय सुधारायचं ते कळत होतं. औषधाचा डोस बदलला, फवारणीच्या नोंदी कडक झाल्या, प्रत्येक बागेचा माल तपासून, नोंदवून जायला लागला. मोहाडीला सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांचीच कंपनी उभी राहिली आणि द्राक्ष निर्यातीत देशात पुढे गेली. आज आत्याचा मुलगा युरोपातल्या रॉटरडॅमला कधी कुठल्या आकाराचा मणी चालतो हे तोंडपाठ सांगतो. कांद्यात आमचा बापू अधिसूचनांच्या तारखा तोंडपाठ सांगतो. दोघंही तितकेच हुशार आहेत. एकाची हुशारी गिऱ्हाईक समजून घ्यायला लागते आणि दुसऱ्याची सरकारचा अंदाज घ्यायला.

आता जे लिहिते ते आमच्याच लोकांना आवडणार नाही.

कांद्याची लागवड करायला आमच्याकडे सुरगाण्याच्या मजुरांच्या टोळ्या येतात. बायका वाकून, दिवसभर, एकेक रोप वाफ्यात टोचतात. मी लहान असताना रोजाने यायच्या आणि जो रोज दिला तो घ्यायच्या. आता एकरावर ठरतं आणि भाव बारा-तेरा हजारांवर गेलाय, कारण त्याच दिवसांत दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांनाही त्या हव्या असतात. २०२१ च्या डिसेंबरात गावात मारुतीच्या पारावर बैठक बसली. ठराव असा, की एकरी नऊ हजारांच्या वर कुणी द्यायचे नाहीत, जो देईल त्याला पाच हजार दंड. बरीच माणसं मान डोलवत होती. नानाही गप्प होते.

आई पाराच्या कडेला उभी होती. ती म्हणाली, "लिलावात यापारी एक झाले की तुम्ही त्यांच्या नावानं खडे फोडता. मंग आपण येगळं काय करून ऱ्हायलो? त्या बायांचा घाम, त्याचा दाम त्या सांगतीन. परवडला त घ्या, नाही त सोताच्या हातानं लावा." कुणीतरी म्हणालं, वहिनी, तुम्हाला शेतीतलं काय कळतं. आई म्हणाली, "दीड एकर माह्या नावावर हाये. त्याच्यात मी ठरवीन." आणि ती घरी निघून आली. ठराव झाला, पण टिकला नाही. दुसऱ्याच आठवड्यात पाराजवळच राहणाऱ्या एकाने गुपचूप साडेदहा दिले.

मला आईचं हे बोलणं आमच्या सगळ्या आंदोलनांपेक्षा मोठं वाटतं. घामाचे दाम ही मागणी फक्त आपल्या घामापुरती ठेवली तर ती टोळीची मागणी होते. सुरगाण्याच्या बाईला जास्त पैसे मिळाले ते कुणाच्या दयेने नाही, तिला 'नाही' म्हणता यायला लागलं म्हणून. दोन गिऱ्हाईकं तिच्या दारात उभी होती म्हणून. बापू मजुरी वाढल्याची तक्रार करतो, त्याचा हिशेब खरंच अवघड झालाय, आणि तरीही मला त्या वाढीचा आनंद आहे.

आईला हे बोलायचं बळ त्या दीड एकराने दिलं. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं तेव्हा मी दोन वर्षांची, तिच्या कडेवर होते. पुढे संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली. नवऱ्यांनी आपल्या हाताने जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करायचा. कायदा नाही, सक्ती नाही. १९९० साली नानांनी तलाठ्याकडे जाऊन दीड एकर आईच्या नावे केलं. भावकीने त्यांना वेड्यात काढलं होतं. २०११ मध्ये त्याच सातबाऱ्यावर आईने स्वतःच्या सहीने बँकेचं कर्ज काढून २५ टनांची कांदाचाळ बांधली. चाळीला सरकारी अनुदान मिळतं, तेही तिने घेतलं. काढून घेतलेल्यातलं थोडं परत येत असेल तर ते नाकारावं इतकी आमची ऐपत नाही.

मालकी हा शब्द उच्चारला की काही लोकांना त्यात लोभ दिसतो. मला त्यात पाराच्या कडेला उभी असलेली आई दिसते.

निर्यातबंदी त्याआधीच उठली होती, आणि १ एप्रिल २०२५ पासून निर्यातीवरचं उरलेलं २० टक्के शुल्कही गेलं. भाव तरीही चढला नाही. त्या वर्षी पीक उदंड आलं होतं आणि तुटलेलं गिऱ्हाईक एका हंगामात परत येत नसतं. बापू आता हमीभावाच्या मोर्चाला जातो. माझं त्याच्याशी त्यावरून भांडण होतं. माझं म्हणणं, जो हात हमी देईल तोच हात उद्या पुन्हा बंदी आणेल, आणि आपण तेव्हा बोलू शकणार नाही. त्याचं म्हणणं, ताई, तुला महिन्याला पगार आहे. याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. मोकळ्या बाजारात पडलेला भावही आपलाच असतो, आणि तो सोसायला अंगात थोडी चरबी लागते. वर्षानुवर्षं ती झडवली गेली आहे. त्यामुळे मी त्याला मोर्चाला जाऊ नको म्हणत नाही. पण माझं मतही बदलत नाही.

परवा गावी गेले तेव्हा आई चाळीत बसून कांदा निवडत होती. सडका बाजूला, कोंब फुटलेला बाजूला, चांगला परत आत. शिवार खरेदीवाल्याचा फोन आला. तिने मान वाकडी करून फोन खांद्यावर धरला, हात थांबवले नाहीत. त्याने १,२५० सांगितले. आईने एक कांदा उचलून देठाकडे दाबून पाहिला, वास घेतला.

"नाही," ती म्हणाली. "आज नाही द्यायचा."

तो म्हणाला, गुरुवारी विचारतो. "इचार," आई म्हणाली, आणि फोन माझ्याकडे देऊन पुढच्या ढिगाकडे सरकली.